वहिनीची गाडी आणि माझा एक्सल

थोरल्या भावाशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो आणि त्यात माझं काही अडतही नव्हतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं शेड एकच, मधे पत्र्याची भिंत. भिंतीच्या त्या बाजूला दादा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा, ह्या बाजूला मी. त्याचा ग्राइंडर सुरू झाला की मी माझा सुरू करायचो. पोरकटपणा म्हणा, मला काय त्याचं!

भांडण वेल्डिंगवरून झालं. करमाळ्याचं एक गिऱ्हाईक ट्रॉली न्यायला आलं होतं. दादानं त्याच्यासमोर मी जोडलेल्या हुकावर हातोडा मारला. दोन घाव सोसले, तिसऱ्याला वेल्डिंग निघालं. "हे आमच्या शेडचं काम न्हाय," दादा म्हणाला. मग कुणाच्या शेडचं? वेल्डिंग कच्चं होतं, कबूल. पण गिऱ्हाइकासमोर? आत नेऊन दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी मी गप्प खाल्ल्या असत्या. त्याच संध्याकाळी मी पत्रे आणून मधे उभे केले.

तेव्हापासून आम्ही बोलायचो ते हवेशी. "काही लोकांनी गाडी आडवी लावलीय," असं तो आभाळाकडं बघून म्हणायचा. "काही लोकांना मंत्र्यासारखा रस्ता मोकळा लागतो," असं मी पत्र्याला सांगायचो. खरंच कामाचं काही असलं तर ते वहिनीमार्फत जायचं.

वहिनी अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होतो. आई नव्हती, त्यामुळं डबा तिनं दिला, शाळेतल्या तक्रारी तिनं ऐकल्या, माझं लग्न तिनं जमवलं. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात आणि पाय आले नाहीत. साध्या कारमध्ये तासभर बसलं की तिच्या पाठीला रग लागायची, म्हणून ती घरातच राहिली.

"चार वर्षं मी एकच पंखा बघतीय," एकदा जेवताना ती म्हणाली. "मला एकदा समुद्र बघायचाय."

दादानं ते मनावर घेतलं. शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, सीटा उपटून टाकल्या आणि आत घर मांडलं. पलंग, ओटा, कोपऱ्यात संडास, खिडक्यांना पडदे. कागदपत्रंही रीतसर नव्यानं करून घेतली. मोटरहोम, मोटरहोम म्हणत अख्खा अक्कलकोट रोड बघायला यायला लागला, फोटो काढायला लागला. मी गेलो नाही. पत्र्याच्या फटीतून मात्र रोज बघायचो आणि माझा जीव जळायचा. हेवा नव्हता तो. बरं, थोडा असेल. पण खरं कारण हे की त्या माणसानं उभ्या आयुष्यात ताशी वीसच्या वर पळणारी एकही वस्तू बनवली नव्हती.

उसाची ट्रॉली रमतगमत कारखान्याला जाते. तिचा हुक म्हणजे एक कडी, त्यात वरून सोडलेली पिन, आणि पिन उडू नये म्हणून खाली वाकवलेला खिळा. खिळा नसला तर तार, तार नसली तर देव. आमच्याकडचा सगळा ऊस ह्या खिळ्यावर चालतो. पण समुद्राला जायचं तर आधी हायवे, मग घाट. आणि वहिनीची बॅटरीवरची खुर्ची, ती गाडीत चढवायची फळी, जनरेटर, पाण्याची टाकी हे सगळं बसमध्ये मावेना, म्हणून दादा मागं एक ट्रेलर ओढणार होता. खिळ्यावर!

असा माझा जळफळाट चाललेला असताना वहिनीनं मला बोलावून घेतलं.

"भावजी, ट्रेलर तुमी करा."

"त्यांना सांगा की. लई मोठे कारागीर आहेत."

"त्यानला सांगितलं. ते म्हनले, त्यालाच सांग."

म्हणजे काम दादानंच दिलं होतं, फक्त तोंड वहिनीचं. मला आतून गुदगुल्या झाल्या, पण दाखवल्या नाहीत. मी म्हणालो, "करतो. पण सगळी गाडी मी तपासणार, नटबोल्टसकट. आणि त्यांनी मधे एक अक्षर बोलायचं नाही."

वहिनी अर्ध्या तोंडानं हसली, झटक्यानंतर तिचं हसू तसंच येतं. "घाला तुमची अट. मला घिऊन चला म्हंजे झालं."

मी तिच्या हाताकडं बघत होतो. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला. गाडीत काही झालं तर ही बाई समोरची दांडीसुद्धा धरू शकणार नाही, आणि आता आणखी एखादी पडापड झाली तर तिचं खुर्चीत बसणंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी येताना मी दादाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की सिग्नल कधी सुटला तेही कळलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी त्या गाडीच्या मागं हात धुऊन लागलो. पहिल्यांदा टायर बघितले. नक्षी नव्यासारखी, त्यामुळं दादा निवांत. मी कडेवरचे चार आकडे वाचले, टायर कोणत्या वर्षी बनला ते त्यात असतं. वहिनीच्या आजारपणाच्या दुप्पट वय निघालं. सात रस्त्याजवळच्या टायरवाल्या चाचांना आणून दाखवलं. त्यांनी कडेच्या भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इनको शोकेस में रखो भाई, रोड पे मत निकालो." ते वाक्य मी पत्र्याच्या ह्या बाजूनं, त्या बाजूला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा म्हटलं. दोन दिवसांत सहाही टायर नवे आले.

मग आतलं घर. ओट्यावरच्या कपाटांना कड्या नव्हत्या, म्हणजे जोरात ब्रेक लागला की कुकर थेट वहिनीच्या कपाळावर. आणि दादाचा बेत काय, तर वहिनी प्रवासभर पलंगावर झोपून येणार. "काही लोकांना बाई म्हणजे ज्वारीचं पोतं वाटतं," मी म्हणालो. "आडवं टाकलं की निघाले!" दुसऱ्या दिवशी कपाटांना कड्या लागल्या, आणि पलंगाशेजारी मागं कलणारी, पट्ट्याची सीट बोल्ट मारून बसवलेली दिसली. काम चांगलं केलं होतं. मी पट्टा चार वेळा हिसडून बघितला, सैल निघावा म्हणून. निघाला नाही.

ट्रेलर मात्र माझा होता, आणि त्यात मी जीव ओतला. पिनेच्या जागी बसच्या मागं जाड गोळा बसवला, ट्रेलरच्या तोंडाला त्याच्यावर बसणारी, कुलूप लागणारी वाटी. खाली फुलीसारख्या दोन साखळ्या, म्हणजे चुकून हुक सुटला तरी ट्रेलरचं तोंड साखळ्यांवर झेललं जाईल, डांबरात रुतणार नाही. मागचे लाल दिवे बसच्या ब्रेकला जोडले. दोनच चाकं होती, म्हणून एक्सल, चाकांचा आडवा कणा, टेप लावून बरोबर मधोमध घेतला, अर्ध्या इंचाचा फरक नाही. जनरेटर आणि पाण्याची टाकी अगदी मागं, दाराशी, काढघाल करायला सोपी. लांबून बघितलं तर देखणं दिसत होतं, खरं सांगतो.

हुकाचं वेल्डिंग झाल्यावर मी माझा हातोडा मुद्दाम तिथंच ठेवला आणि चहाला गेलो. ये म्हटलं, मार आता! रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. दादा आला. हुकाशी थांबला. मग गुडघ्यावर बसून ट्रेलरच्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिला. उठला, माझ्या बाजूच्या दाराकडं दोन पावलं आला, परत फिरला आणि निघून गेला. हातोड्याला हातसुद्धा लावला नाही. मी दुसरा चहा मागवला, इतका खूश होतो.

निघायच्या आधी सगळं सामान भरून मोहोळपर्यंत एक फेरी मारायची, हे मीच ठरवलं होतं. त्या सकाळी वहिनी पावडर लावून, केस विंचरून खुर्चीत तयार. "मी बी येनार."

"आज नुसती गाडी जाईल," दादानं आभाळाला सांगितलं.

तो नको म्हणाला म्हणून मी हो म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं. "येऊ द्या की!" मी पत्र्याला म्हणालो. "माझ्या कामाची भीती वाटत असेल त्यांनी घरी बसावं." दादानं वहिनीला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. मी वहिनीच्या शेजारी.

पुणे रोडला लागल्यावर गाडी छान चालली होती. वहिनी खिडकीला नाक लावून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती, शाळकरी पोरीसारखी. मोहोळच्या थोडं अलीकडं एका पुलाचा उतार लागला. काटा साठ-पासष्टच्या आसपास असेल. उजवीकडून एक लक्झरी बस सुसाट पुढं गेली, आणि तिच्या वाऱ्यानं आमची गाडी जराशी हलली.

मग ती हलायची थांबेचना. गाडीचं बूड डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, परत डावीकडं, दर वेळी आधीपेक्षा जास्त. मागच्या काचेतून ट्रेलर एकदा ह्या खिडकीत दिसायचा, एकदा त्या. भांडी खडखडायला लागली. वहिनीचं डोकं सीटवर इकडून तिकडं आपटत होतं, आणि तिचा डावा हात माझी बाही शोधत होता. अय्यो, अय्यो, एवढंच तिच्या तोंडून येत होतं.

"ब्रेक मार!" मी ओरडलो. "दादा, ब्रेक मार!"

नऊ वर्षांत त्याच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यानं ब्रेक मारला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ दाबून धरलं आणि गाडीला तिची तिची हळू होऊ दिलं. मी मागून पाच-सहा वेळा तेच ओरडलो असेन. झोका कमी होत होत थांबला. दादानं गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि मागं येऊन वहिनीच्या तोंडावरचे केस बाजूला केले. ती धड होती. पट्ट्यानं तिला धरून ठेवलं होतं.

मी खाली उतरलो आणि माझं तोंड सुटलं. "कान फुटले का तुझे? ब्रेक मार म्हणतोय तर ऐकू येत नाही? म्हातारा झालास तरी स्पीडची हौस जाईना! आजारी बाईला मागं बसवून शर्यत लावतोस?" पुढचं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या उसाच्या फडातून दोन माणसं बाहेर येऊन ऐकायला लागली.

दादानं ट्रेलरच्या चाकांना दगड लावले. साखळ्या काढल्या, वाटीचं कुलूप काढलं आणि ट्रेलरचं तोंड उचललं. एका हातानं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस! तोंड अलगद वर आलं आणि सामानासकट ट्रेलर मागच्या मागं कलंडायला लागला. दादानं ते तोंड छातीशी दाबून परत खाली आणलं, आणि माझ्याकडं बघितलं.

मी शिवी अर्ध्यात सोडली.

आम्ही दोघांनीही आयुष्यभर चार चाकी ट्रॉल्या केल्या. चार चाकीत ऊस पुढं टाका नाहीतर मागं, वजन चाकांवर जातं, हुकाला फक्त ओढ लागते. दोन चाकीचं तसं नाही. तिचं तोंड जड पाहिजे, हुकावर बसलेलं पाहिजे. त्यासाठी एक्सल मधल्यापेक्षा मागं घ्यायचा आणि वजन पुढं रचायचं. मी एक्सल मधोमध घेतला आणि सगळं वजन शेपटीला टांगलं. ते शेपूट गाडीला धरून हलवत होतं. अशा वेळी ब्रेक मारला असता तर ट्रेलर पुढं घुसला असता आणि बस आडवी फिरून कलंडली असती. दुसऱ्याच्या खिळ्याला पंधरा दिवस हसणाऱ्या माझ्या टाळक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"साकु!" आतून वहिनी ओरडली. पुरे झालं की ती कानडीत बोलते. "साकु आता! इकडं या दोघं बी."

आम्ही दारात जाऊन उभे राहिलो.

"ह्यांनी मला परवाच सांगितलं हुतं," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "म्हनले, एक्सल मधी बसलाय, मला बरं दिसंना. मी म्हनलं, सांगा की त्यानला. तर गप बसले."

माझं डोकं सणकलं. मी दादाकडं वळलो. "कळलं होतं तर बोलायचं होतंस की! तोंड शिवलं होतं का?"

"एकदा हातोडा मारला तर नऊ वरीस पत्रा बघतोय," दादा म्हणाला. "आन खात्री बी नव्हती. आपन कवा केलाय दोन चाकी? बोललो आसतो तर तू पाना फेकून गेला आसतास. मग हिचं जायचं ऱ्हायलंच."

"म्हणून हिला घेऊन निघालास? शंका असताना?"

"मी नको म्हनलो हुतो. तूच म्हनलास, यू द्या."

फडातली माणसं अजून उभीच होती.

वहिनीला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला तिथंच उभ्या उभ्या लख्ख दिसलं. दादानं बायकोला मारलं असं मी सोलापूरभर सांगत फिरलो असतो. लोकांना पटलंही असतं. टायर मी बदलायला लावले, पट्टा मी लावायला लावला, हुक माझा पक्का, आणि गाडी चालवत होता तो. मला स्वतःलाही पटलं असतं. मरेपर्यंत मी त्याला खुनी म्हणालो असतो आणि मला रात्री झोपही लागली असती. ह्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या एक्सलची वाटली नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. कुणाकडं बघून म्हणालो ते आठवत नाही, बहुतेक टायरकडं.

"व्हय," वहिनी म्हणाली. "आन गप बसायची चूक ह्यांची. तुमच्या दोघांच्या भांडनात मला मरायचं न्हाय. ह्यांचं काम तुमी तपासायचं, तुमचं ह्यांनी, तोंडानं बोलून. मगच मी हितं बसनार. न्हायतर माझा पंखा बरा."

टाकीतलं पाणी रस्त्याच्या कडेला सोडून दिलं, जनरेटर दोघांनी उचलून ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला बांधला आणि तीसच्या वेगानं सोलापूरला परत आलो.

पुढचे चार दिवस आम्ही एकत्र काम केलं. गोड काही झालं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. मी एक्सल कापून वीतभर मागं घेतला. टाकी एक्सलच्या पुढं आणली. दादा येऊन म्हणायचा, "दाखव." नुसतं तेवढंच. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी वेल्डिंगचा होल्डर फेकून मारला असता. आता दात खाऊन बाजूला व्हायचो आणि दाखवायचो. त्यानं माझ्या वेल्डिंगवर हातोडा मारला, सात-आठ घाव, मोजून. मी त्याच्या ब्रेकची नळी बोटानं चाचपली आणि एक सैल क्लिप काढून त्याच्या हातात ठेवली. "हे आमच्या शेडचं काम नाही," मी म्हणालो. तो लाल झाला, पण क्लिप बदलली. शेजारच्या गोदामातला वजनकाटा आणून ट्रेलरचं तोंड त्याच्यावर टेकवलं. सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा तोंडावर येईपर्यंत सामान पुढं-मागं करत बसलो. त्यातही दोनदा कडाक्याची भांडणं झाली, एकदा तर जेवणावरून उठलो. पण भांडलो ते एकमेकांशी. मग वहिनीला घरी ठेवून मोहोळची तीच फेरी परत मारली, त्याच पुलावरून. दोन लक्झरी बस बाजूनं गेल्या आणि ट्रेलर मागं गपगुमान येत राहिला.

समुद्राला जायचं त्या दिवशी सकाळी दादानं वहिनीला सीटवर बसवलं. मी पट्टा ओढून बघितला. खाली जाऊन वाटीचं कुलूप बघितलं, साखळ्या बघितल्या, दिवे बघितले. वर आलो, आणि कुलूप खरंच लागलंय का म्हणून परत खाली गेलो. दादा स्टिअरिंगवर थांबून होता, एरवी हॉर्न वाजवून डोकं खाल्लं असतं. तिसऱ्यांदा मी ट्रेलरखालून निघालो तेव्हा वहिनी खिडकीतून बघत होती.

"भावजी, भ्या वाटतंय का तुमाला?"

खोटं बोलणार होतो, पण ट्रेलरखालची धूळ माझ्या अंगभर होती आणि ती तिला दिसत होती. "वाटतंय," मी म्हणालो. "लई वाटतंय."

"मग चला, मी बसते बिनघोर," वहिनी म्हणाली. "त्या दिशी तुमाला जरा बी वाटत नव्हतं."